बाबा, रोडलगतचं वावर विकू नका

आई-बाबा, नमस्कार,

दादाने काल सांगितलं की रोडलगतच्या दोन एकरासाठी यवतमाळहून कोणी येऊन गेलं अन् बाबा माझ्या शिक्षणाच्या कर्जापायी इसार घ्यायच्या तयारीत आहेत. फोनवर बोलले असते तर मला रडू आलं असतं अन् मग आईही रडली असती, म्हणून लिहून पाठवते, दादा वाचून दाखवेल. बाबा, इसार घेऊ नका.

पैशाचं आधी सांगते. या सेमिस्टरपासून मला इथे अमेरिकेत असिस्टंटशिप लागली, म्हणजे प्रोफेसरांच्या प्रोजेक्टवर आठवड्याला २० तास काम करायचं, त्याच्या बदल्यात फी माफ अन् वर महिन्याला पगार. खोलीभाडं, किराणा जाऊन थोडे उरतात. आई, मी हॉटेलात भांडी घासत असेन हे मनातून काढून टाक, विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर असं काम करायची परवानगीच नाही. कर्जाचा हप्ता कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होईल, तोवर चढणारं व्याज मी इथून भरत जाईन, हिशोब करून पाहिला, जमते.

आता वावराचं. बाबा, तुम्ही विचारता ना, वाळवंटात शेतीचं काय शिकवतात. इथे ॲरिझोना राज्यात, टूसॉनला वर्षाचा पाऊस ३०० मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडे त्याच्या तिप्पट पडतो. तरी फिनिक्सच्या रस्त्याला पऱ्हाटी दिसते, पिमा जातीची, लांब धाग्याची, अन् सगळीच्या सगळी ओलिताची. कोलोरॅडो नदीचं पाणी पंपाने चढवून ५४० किलोमीटरच्या कालव्याने आणलंय. २०२२ मध्ये नदीच्या धरणांत पाणी कमी पडलं तर पहिली मोठी कपात टूसॉन अन् फिनिक्सच्या मधल्या पिनाल काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेतकऱ्यांवर आली. मोठमोठी वावरं पडीक पडलेली मी डोळ्यांनी पाहिली, ट्रॅक्टर आहे, जमीन सपाट आहे, पैसा आहे, अन् पाणी नाही. तेव्हा मला आपली विहीर आठवली, अन् तुम्ही खालच्या धुऱ्याला बांध घालून नाल्याचं पाणी वावरात वळवता ते.

तसंच काम इथले मूळ रहिवासी, तोहोनो ओओधाम लोक, शेकडो वर्षांपासून करत आले. पावसाळी ओढ्याचं पाणी जिथे पसरतं तिथेच पेरायचं, टेपरी नावाची बारीक शेंगवर्गीय डाळ, ती दोनेक महिन्यांत हाती येते अन् पाणी फार मागत नाही. मी प्रोफेसरांना आपल्या धुऱ्याचे फोटो दाखवले तर ते कितीतरी वेळ विचारत बसले, बांध किती उंच, माती कशी, पाणी किती दिवस टिकते. अकोल्याला कृषी विद्यापीठात चार वर्षं काढली पण तुमचं काम असं कोणी विचारल्याचं आठवत नाही, मला खूप बरं वाटलं.

माझा विषय हाच आहे, हलक्या जमिनीत ओल कशी टिकवायची. रोडलगतचा तुकडा मुरमाड आहे, काही पिकत नाही म्हणून तुम्ही तोच विकायला काढला, पण मला नेमकी तशीच जमीन पाहिजे. परत आल्यावर पहिलं काम तिथेच करायचं आहे. हे मी तुमचं मन राखायला लिहून नाही राहिली, थिसिसच्या प्रस्तावातही तसं लिहिलं आहे.

उन्हाची काळजी नको, इथेही मे-जूनमध्ये पारा ४० च्या वर जातो पण बऱ्याच घरांवर आपल्यासारखेच पाण्याचे कुलर आहेत, विदर्भाच्या पोरीला त्याचं काही नवल नाही. ज्वारीचं पीठ इंडियन दुकानात मिळते, भाकर जमते, आईसारखी पातळ नाही होत.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र पऱ्हाटीच्या वेचाईसाठी पुढे ढकलू नका, दिवाळीच्या आत उरकून घ्या, पैसे मी दादाच्या खात्यात टाकते. अन् त्या माणसाला नाही म्हणून सांगितलं की रविवारी सकाळी साडेसातला फोन करा, तेव्हा इथे शनिवार संध्याकाळचे सात वाजले असतात, मी खोलीवरच असते.

तुमची,
धाकटी