डब्यावरचं गाव आणि आतला चहा

संपादक महोदय,

पर्यटनस्थळी ‘खास इथला’ म्हणून विकला जाणारा सुगंधी चहा खरंच तिथला असतो का, हे डब्याच्या मागच्या बाजूला पाहावं. ‘अमुक ठिकाणी पॅक केले’ याचा अर्थ तिथे पाकीट सील झालं, इतकाच. पान कुठे पिकलं ही ओळच नसेल, तर ते बाहेरचं, मिश्र आहे असं धरून चालावं.

बहुतेक सुगंधी चहात तयार कोरडी पत्ती फिरत्या ड्रममध्ये घालतात, तिच्या वजनाच्या एक-दोन टक्के द्रव फ्लेवर फवारतात आणि बंद पिंपात मुरू देतात. हे काम कुठल्याही गोदामात होतं. वर दिसणाऱ्या पाकळ्या बहुधा शोभेच्या. त्या वेचून वेगळ्या गरम पाण्यात टाकल्या, की वास पाकळ्यांचा होता की फवाऱ्याचा याचा अंदाज येतो. दाट फवाऱ्याखाली जुनी पत्तीही खपून जाते, हे व्यापारात सगळ्यांना ठाऊक आहे! लिंबूवर्गीय तेलं हवेने बिघडतात, त्यामुळे साध्या कागदी पाकिटातला असा चहा घेऊच नये.

याउलट चीनमधल्या फूझौचा जास्मिन चहा. मोगऱ्याच्या कळ्या दुपारी खुडतात, रात्री उमलताना पत्तीत मिसळतात, सकाळी फुलं काढून टाकतात आणि त्यांचा ओलावा प्यायलेली पत्ती पुन्हा सुकवतात. चांगल्या प्रतीसाठी हे चार-पाच वेळा होतं. सुकवण्यात हयगय झाली, तर पत्तीला कुबट वास लागतो. अशा उंची चहात फुलं जवळजवळ दिसतच नाहीत.

मात्र पान तिथलंच हवं, हा हट्ट आम्हाला पटत नाही. इंग्लंडची ओळख ठरलेल्या अर्ल ग्रे या सुगंधी चहाचं पान आशिया-आफ्रिकेतून येतं आणि त्याला वास देणारं बर्गमॉट हे लिंबूवर्गीय फळ प्रामुख्याने इटलीच्या कॅलाब्रियातून. मिश्रण जुळवण्याचं कसब तेवढं तिथलं. तेवढंच सांगून विकलं, तर त्यात फसवणूक नाही. पान, सुगंध आणि काम यांपैकी नेमकं काय स्थानिक, हे विक्रेत्याने छापावं.

आधीच घेतलेल्या डब्याची परीक्षा सोपी आहे. दोन ग्रॅम पत्तीवर 100 मिलिलिटर उकळतं पाणी ओतून पाच मिनिटांनी गाळावं आणि त्याच पत्तीवर पुन्हा पाणी घालावं. फवाऱ्याचा वास बहुतांशी पहिल्या पाण्यातच निघून जातो. दुसऱ्या पाण्यात पत्तीची खरी प्रत कळते.

— चहापरीक्षण करणारे काही वाचक