मोठ्या बाईंची डिग्री काढून झाली, आता विज्ञानाचं रिकामं पद कोण काढणार?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आमच्या नगरपालिकेच्या शाळेत २०२५ च्या जूनला नवीन मुख्याध्यापिका आल्या आणि तेव्हापासून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे काय चाललंय ते वाचून वाचून शेवटी हे पत्र लिहायला बसले. शाळा सेमी इंग्लिश आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्लिशमधून, बाकी सगळं मराठीत. माझी मुलगी सहावीला.

बाई बढतीवर आल्या, त्याआधीची सगळी नोकरी साध्या मराठी माध्यमाच्या शाळांत. बारावीनंतर डीएड, मग नोकरी करत करत मुक्त विद्यापीठातून बीए, नंतर बीएड. ही माहिती कुणीतरी कुठून तरी मिळवली आणि रात्री साडेदहाला ग्रुपवर टाकली, खाली तीन प्रश्नचिन्हं. झालं. मग काय, "सेमी शाळेला बीए बाई?", "मुक्तची डिग्री म्हणजे घरी बसून", "आपण पोरांना सेमीला कशासाठी घातलं मग", असं रात्री बारापर्यंत. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून चालू आहे आणि आमच्या गावातले निम्मे पोलीस, तलाठी, अंगणवाडीच्या ताई तिथूनच पदवीधर झाल्यात, हे लिहावं म्हणून मी टाइप केलं आणि खोडलं. भांडण नको म्हणून खोडलं, खोटं कशाला बोलू. माझे सासरे हे सगळं ऐकून म्हणाले, आमचे हेडमास्तर सातवी फायनल पास होते, त्यांच्या हाताखालची पोरं इंजिनियर झाली. पण त्या काळाचं आत्ता सांगून उपयोग नाही, तेव्हा सातवी झालेला माणूस गावात शहाणा होता.

मग सप्टेंबरमध्ये टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, विषय निघाला आणि इथे मात्र मी पालकांच्या बाजूची आहे. सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला निकाल दिला की ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी बाकी आहे त्या जुन्या शिक्षकांनीसुद्धा दोन वर्षांत टीईटी पास व्हायची, आणि ज्यांची पाचपेक्षा कमी राहिली त्यांची नोकरी जाणार नाही पण टीईटीशिवाय बढती मिळणार नाही. आमच्या बाईंची बढती जूनची, निकाल सप्टेंबरचा, पण अजून सात वर्षं नोकरी आहे म्हणजे परीक्षा काही सुटत नाही. तेव्हा "बाई, तुम्ही टीईटी झालात का" हे विचारण्यात अपमान कसला? बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, अभ्यास चालू आहे, रात्री भांडी आवरली की बसते. सरळ उत्तर दिलं, मला आवडलं.

फक्त एक गंमत बघा. सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटीचा दुसरा पेपर असतो, १५० मार्कांचा, त्यातले ३० बालमानसशास्त्राचे, ३०-३० दोन भाषांचे आणि उरलेले ६० गणित-विज्ञानाचे किंवा सामाजिक शास्त्राचे, जे तुम्ही घ्याल ते. म्हणजे सामाजिक शास्त्र घेऊन पास झालेल्या माणसाने विज्ञानाचा एक प्रश्नही सोडवलेला नसतो. आणि शाळा कशी चालवायची, दोन भाषांत एक विषय कसा शिकवायचा, यावर वेगळा पेपर कुठेच नाही. बाई उद्या टीईटी पास झाल्या तरी ग्रुपवाल्यांना जे पाहिजे ते त्या सर्टिफिकेटवर लिहिलेलं नसणार.

आता खरा मुद्दा, ज्यावर ग्रुपवर एक मेसेज नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाला एक, सामाजिक शास्त्राला एक आणि भाषेला एक असा किमान शिक्षक पाहिजेच. आमच्या शाळेतलं गणित-विज्ञानाचं पद रिकामं आहे, जुने सर रिटायर झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. गणित दुसरे एक सर ओढून नेतात. सहावीचं विज्ञान कोण घेतं? मोठ्या बाई. स्वतः. बीए झालेल्या, मराठी माध्यमाच्या, कारण दुसरं कुणी नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी ग्रुपवर त्यांना धुतात ती त्यांनी हौसेने केलेली नाहीये.

बरं, शिकवतात कशा? पाचवीपर्यंत आमच्या मुलांना परिसर अभ्यास मराठीत होता आणि सहावीला एकदम जनरल सायन्सचं इंग्लिश पुस्तक हातात. सुरुवातीला माझी मुलगी प्रश्नोत्तरं धडाधड पाठ म्हणायची, अर्थ विचारला की गप्प. बाईंनी वहीत दोन रकाने पाडायला लावले, फ्रिक्शन – घर्षण, ग्रॅव्हिटी – गुरुत्वाकर्षण, आधी वर्गात खोकं फरशीवर ढकलून बघायचं, मराठीत बोलायचं, आणि मग इंग्लिशमध्ये लिहायचं. त्या दिवशी घरी येऊन ती आजीला सांगत होती की कॅरमवर पावडर का टाकतात. मी भाकरी करता करता ऐकत होते. बाईंचे उच्चार इंग्लिश मीडियमच्या मॅडमसारखे नाहीत, मुलगी नक्कलसुद्धा करते, पण कॅरमची पावडर तिला कळली.

याच मुलीला वाण्याने "एकोणसाठ रुपये झाले" म्हटलं की ती माझ्याकडे बघते. फिफ्टी नाइन म्हटलं की लगेच पैसे काढते. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "पन्नास सात" असं वाचायची पद्धत दिली होती तेव्हा केवढा दंगा झाला, आम्हीसुद्धा हसलो होतो, आता आमच्याच घरात ना सत्तावन्न येतं ना पन्नास सात. दोन्ही भाषांची शाळा म्हणायचं आणि पालक म्हणून मोजायची एकच.

इंग्लिशचीच गोष्ट निघाली म्हणून सांगते. शाळेच्या सूचना इंग्लिशमध्ये पाहिजेत ही मागणी पालकांचीच. बाईंनी एक सूचना तशी दिली. तिच्यात दोन चुका होत्या, त्यावर लाल गोल करून फोटो फिरवला. ज्यांनी फिरवला त्यांचा खालचा मेसेज मराठीत होता आणि त्यात "शिक्षण"चंच ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं.

बाईंवर माझी तक्रार नाही असं नाही. त्या वर्गावर असतात म्हणून ऑफिसात कुणी सापडत नाही, बोनाफाईडसाठी मी तीन चकरा मारल्या, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं, सगळं संध्याकाळी सहापर्यंत लोंबकळतं. मुख्याध्यापक नेमका कशासाठी असतो हे वरच्या ऑफिसने एकदा ठरवावं. आणि सेमी शाळेवर बढतीने कुणाला पाठवताना निदान एवढं तरी बघावं की तिथे विज्ञानाचा माणूस आहे का, नसेल तर आधी ते पद भरावं, सेवाज्येष्ठतेची यादी नंतर काढावी.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के आम्ही पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. मुख्याध्यापक नेमायचा अधिकार समितीला नाही, पण शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचा आणि शाळा विकास आराखडा करायचा आहे, रिकाम्या पदाचा ठराव घेऊन वर पाठवता येतो. मी स्वतः समितीवर आहे आणि कबूल करते की दीड वर्ष फक्त रजिस्टरवर सही करून चहा पिऊन आले. गेल्या मीटिंगला सगळ्या पालकांना बोलावलं होतं. ग्रुपवर दीडशेच्या वर मेंबर आहेत, आलो आम्ही अकरा जण, त्यातले दोघं दाखल्यासाठी आले होते. ठराव लिहिलाय, बाईंनीच मसुदा करून दिला, मराठीत. पुढची मीटिंग येत्या गुरुवारी चार वाजता आहे, ज्यांनी रात्री साडेदहाला डिग्री शोधून काढली त्यांनी सहीला यावं, पेन मी आणते.

– सहावीतल्या एका मुलीची आई
(नाव छापू नये, मुलगी त्याच शाळेत आहे)