बाळ गेले तरी नमुना राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोटातल्या बाळाच्या अंगात पाणी झाले आणि ते गेले, अशी बातमी आपल्याकडे हलक्या आवाजात सांगितली जाते. पुढे तीच बातमी सुनेच्या पायगुणापर्यंत, पाळल्या न गेलेल्या ग्रहणापर्यंत किंवा कोणाच्या नजरेपर्यंत जाते आणि तिथेच तिचा शोध संपतो. प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून आयुष्य काढल्यानंतर मी आज निवृत्त आहे. हा शोध कुठे आणि का अडतो, हे मी कामावर असताना पाहिलेच होते. दोन वर्षांपूर्वी ते स्वतःच्या घरातही पाहिले, म्हणून हे पत्र.

वैद्यकात या अवस्थेला हायड्रॉप्स म्हणतात. त्वचेखाली, पोटात, फुप्फुसांभोवती आणि हृदयाभोवती, यांपैकी किमान दोन ठिकाणी पाणी साचले की हे नाव दिले जाते. हे नाव लक्षणाचे आहे, आजाराचे नव्हे. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह, हे एकेकाळी त्याचे मुख्य कारण होते. १९६८ पासून आईला दिले जाणारे अँटी-डी इंजेक्शन वापरात आले आणि हे कारण मागे पडले. आता दहापैकी सुमारे नऊ बाळांत कारण दुसरेच असते: हृदयाच्या रचनेतील दोष, पार्व्हो विषाणूचा संसर्ग, थॅलेसेमियाचा एक प्रकार, गुणसूत्रांतील दोष किंवा एखाद्या जनुकातील बदल. अनेक घरी मात्र अजूनही ‘रक्तगट जुळला नसेल’ एवढेच सांगून विषय मिटवला जातो.

हत्तीपाय हा आजार सोलापूर जिल्ह्याला अनोळखी नाही. जंतामुळे लसिकावाहिन्या निकामी झाल्या की पायात पाणी साठत जाते, हे आपण पाहिलेले आहे. केशवाहिन्यांतून, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतून, सतत पाझरणारे पाणी गोळा करून मानेच्या तळाशी, मोठ्या शिरांत परत सोडणे हे या वाहिन्यांचे काम. गर्भाच्या केशवाहिन्या मोठ्या माणसापेक्षा जास्त पाझरतात, त्यामुळे त्याच्या अंगात हे काम अधिकच मोलाचे असते. या वाहिन्या घडवण्याची आज्ञा देणाऱ्या जनुकातच चूक असेल, तर जंताची गरज उरत नाही. पाणी जन्माआधीच तुंबते, आणि बहुधा ते पहिल्यांदा मानेमागे दिसते. ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत डॉक्टर मानेमागची जागा मिलिमीटरमध्ये मोजतात ती याचसाठी. साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त माप आले, तर पुढची तपासणी करायलाच हवी.

सोनोग्राफीच्या पडद्यावर एकसारखे दिसणारे हे पाणी तीन घरांत तीन वेगळ्या गोष्टी सांगत असू शकते. एका बाळाला एक्स गुणसूत्र एकच मिळालेले असते, म्हणजे टर्नर सिंड्रोम. तो बहुतेक वेळा योगायोगाने घडतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा होण्याची शक्यता फार कमी असते. दुसऱ्या बाळाला नूनान सिंड्रोम हा जनुकीय आजार असतो. त्याला कारण ठरणाऱ्या जनुकांपैकी पीटीपीएन११ हे पहिले, ते २००१ साली सापडले. अशा जनुकातला बदल अनेकदा बाळातच नव्याने झालेला असतो. पण कधी कधी तो उंचीने बेताच्या, हृदयाची थोडी कुरबूर असलेल्या आई किंवा वडिलांकडून आलेला असतो आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. तसे असेल तर दर खेपेला निम्मी जोखीम. तिसऱ्या बाळात पीझो१ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. आई-वडील दोघेही धडधाकट, पण दोघेही वाहक, म्हणजे प्रत्येकाकडे एक बिघडलेली प्रत, आणि दर गर्भारपणात चारात एक अशी जोखीम. या तिसऱ्या प्रकारातली काही बाळे पोटातच दगावतात. जी जगतात त्यांच्या अंगातले पाणी जन्मानंतर पूर्ण ओसरूही शकते, मात्र हातापायांची सूज पुढे बालपणात डोके वर काढते. याखेरीज एफएलटी४ आणि ईपीएचबी४ या जनुकांतील बदलही लसिकावाहिन्या बिघडवतात, आणि एकाच घराण्यात कोणाचे नुसते पाय सुजतात, तर कोणाचे बाळ पोटातच जाते, असेही घडते.

माझ्या पुतणीचे लग्न तिच्या आतेभावाशी झाले, म्हणजे जावई माझ्याच बहिणीचा मुलगा. आते-मामे भावंडांचे लग्न सोलापुरात नवलाचे नाही. आपल्या शहरातल्या तेलुगू आणि कन्नड भाषक कुटुंबांत मामा-भाचीचे लग्नही होत आले आहे. त्याबद्दल कोणाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. आते-मामे भावंडांत साधारण आठवा हिस्सा जनुके एकाच पूर्वजांकडून आलेली असतात, त्यामुळे एकच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो, एवढाच त्याचा अर्थ. पुतणीच्या बाळाला विसाव्या आठवड्यात पाणी दिसले आणि बाविसाव्यात ते गेले. त्या रुग्णालयात, ज्याचे नाव घेण्यात मला स्वारस्य नाही, गर्भजल, नाळेचे रक्त किंवा कातडीचा तुकडा, काहीच जनुकीय तपासणीसाठी ठेवले गेले नाही. जे ठेवले ते फॉर्मॅलिन या नमुना कुजू न देणाऱ्या रसायनाच्या बाटलीत. फॉर्मॅलिनमध्ये डीएनएचे तुकडे होतात, हे सांगायला मी तिथे वेळेवर पोहोचलो नाही. ती चूक माझीही.

आई-बापांच्या रक्तावरून शोध घेता येतो, नाही असे नाही. पण तो अंदाजाने असतो, आणि बदल बाळातच नव्याने झालेला असेल तर तो त्यांच्या रक्तात सापडणारच नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, गुणसूत्रांच्या नेहमीच्या तपासणीतून कारण न मिळालेल्या हायड्रॉप्सच्या १२७ गर्भांची एक्सोम तपासणी, म्हणजे जनुकांतील प्रथिने घडवणाऱ्या भागाचे वाचन, केली गेली आणि त्यांतल्या २९ टक्क्यांत नेमके जनुक सापडले. ही तपासणी विडी वळणाऱ्या घराच्या महिन्याच्या कमाईत बसत नाही, हे खरे. पण नमुना जपून ठेवला तर ती आजच करावी लागत नाही. नाळेचे दोन मिलिलिटर रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यायचे, डीएनए वेगळा करायचा आणि तो शीतपेटीत वर्षानुवर्षे ठेवायचा. यात प्रयोगशाळेला न येण्यासारखे काही नाही.

या नमुन्यांना हात लावायला काही डॉक्टर कचरतात, त्यामागे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची धास्ती असते, असे मला अनेकदा जाणवले. १९९४ च्या त्या कायद्याने लिंग सांगण्यास बंदी घातली आहे. गुणसूत्रदोष, जनुकीय चयापचयाचे आजार आणि जन्मजात व्यंगे यांच्या निदानाला त्याच कायद्याने, नोंदणीकृत केंद्रात आणि आईच्या लेखी संमतीने, मोकळीक दिली आहे. गर्भपाताच्या वेगळ्या कायद्यात २०२१ साली झालेल्या सुधारणेनंतर, गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताच्या परवानगीसाठी वैद्यकीय मंडळाकडे जाता येते. मंडळापुढे नेमके निदान ठेवता आले, तर आई-वडिलांनाही निर्णय घेणे सोपे जाते.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. जिल्ह्यातील प्रत्येक प्रसूतिगृहाने हायड्रॉप्सचे बाळ गेल्यावर पालकांची संमती विचारून नमुना राखावा, आणि तो नेमका कोणत्या प्रयोगशाळेकडे पाठवायचा, हे आरोग्य विभागाने लेखी कळवावे. जनुकीय निदान करणारी सीडीएफडी ही केंद्र सरकारची संस्था हैदराबादेत आहे, आणि हैदराबाद आपल्याला एका रात्रीच्या गाडीवर. दुसरे असे की, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. त्या दिवशी आधीचे बाळ कसे गेले, लग्न नात्यातले आहे का, घरात कोणाचे पाय लहानपणापासून सुजलेले आहेत का, हे तीन प्रश्न केसपेपरवर छापून घ्यावेत.

पुतणीला पुन्हा दिवस गेले आहेत आणि बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीची तारीख घेतली आहे. डॉक्टर मानेमागची जागा मोजतील. त्यापलीकडे कोणते जनुक शोधायचे, हे सांगणारा कागद आमच्याकडे नाही.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
(कुटुंबाच्या खासगीपणासाठी नाव छापू नये, ही विनंती)
जुळे सोलापूर, सोलापूर