आईच्या गुडघ्यांचे पैसे

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बुधवारी फोन ठेवल्यापासून मन थाऱ्यावर नाही. बाबा, तुम्ही म्हणालात, "आईच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली एफडी मोडतोय, छोट्याच्या लग्नाच्या लॉन्सवाल्याला ॲडव्हान्स द्यायचाय." मागून आईचा आवाज आला, "माझ्या गुडघ्यांना काय घाई आहे? इतकी वर्षं दुखताहेत, आणखी एक वर्ष दुखतील." मी गप्प बसले. बोलले असते तर रडले असते, नाहीतर तोंडून काहीतरी वेडंवाकडं गेलं असतं. म्हणून लिहिते आहे. दोघांनी मिळून, सावकाश वाचा.

गेल्या खेपेला आले तेव्हा आई दळण आणायला खाली निघाली होती. कठडा दोन्ही हातांनी धरून, आडवी होऊन, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची पायरी. मी खाली उभी होते. अठरा पायऱ्यांना तिला चार मिनिटं लागली. मधे थांबून माझ्याकडे बघून हसली, जणू सहजच थांबली आहे. ते हसणं डोळ्यांपुढून जात नाही.

आता एक जुनी गोष्ट. आई, मी चौथीत असताना डबा तसाच परत आणायला लागले होते, आठवतं? तू विचारलंस, मी म्हटलं भूक नव्हती. तिसऱ्या दिवशी तू दोन्ही खांदे धरून विचारलंस तेव्हा सांगितलं, "सगळ्या मुली पोळी आणतात. माझी भाकरी बघून काळी भाकरी, काळी भाकरी म्हणतात." तू काहीच बोलली नाहीस. काकांनी गावाहून पाठवलेलं बाजरीचं पोतं दाराआड उभं होतं. घरच्या शेतातली बाजरी, एक पैसाही न पडलेली. रेशनचा गहू होता, पण तो लालसर, पोळी वातड व्हायची. मुलींच्या डब्यातली पांढरी, मऊ पोळी लोकवन गव्हाची असायची आणि तो दुकानातून रोख विकत घ्यावा लागायचा. पुढच्या आठवड्यापासून माझ्या डब्यात तशीच पोळी आली. त्याच आठवड्यापासून आपल्या घरातलं शिलाई मशीन रात्री अकरापर्यंत चालायला लागलं. साडीला फॉल-पिको करायचे पाच रुपये मिळायचे. या दोन गोष्टींचा मेळ मला लागला तेव्हा मी कॉलेजात होते. त्याबद्दल मी तुझी कधीच माफी मागितली नाही. आज मागते.

तो मेळ पुन्हा आठवला २०२३ साली. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, प्रस्ताव भारताचाच होता. तुमच्या नातवाच्या शाळेतून चिठ्ठी आली की शुक्रवारी सर्वांनी डब्यात ज्वारी, बाजरी किंवा नाचणीचा पदार्थ आणायचा. मी भाकरी करून दिली. बाईंनी त्याचा डबा वर्गात सगळ्यांना दाखवला, टाळ्या वाजल्या. उड्या मारत घरी आला. मी त्याला जवळ घेतलं आणि मला रडू कशाचं येतंय ते त्याला कळेना. भाकरी तीच होती, आई. तुझ्यासारखी गोलसुद्धा झाली नव्हती, कडेला चिरली होती. मग तीस वर्षांपूर्वी मला तिची लाज का वाटली? त्या मुलींना कुणी शिकवलं? त्यांच्या आयांनी तर मुद्दाम शिकवलं नसणार.

तेव्हापासून मी याचा विचार करते आहे. बाबा, तुम्ही बहात्तरच्या दुष्काळात चौदा वर्षांचे होतात. आजीबरोबर खडी फोडायला जायचात, सुकडी खायचात, आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी. तिचा वास अजून नाकात आहे असं तुम्ही सांगता. दुष्काळ सरला. तिकडे पंजाब-हरियाणात नव्या बियाण्यांचा, पाण्याचा, खताचा गहू आधीच उभा राहिला होता. हमीभाव सगळ्याच धान्यांचे जाहीर व्हायचे, पण सरकार भरभरून खरेदी करायचं ते गहू आणि तांदूळ, आणि तेच रेशनच्या दुकानात यायचं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असं लिहिलं होतं. आपल्या कोपऱ्यावरच्या रेशन दुकानात १ रुपयाची बाजरी तुम्ही कधी पाहिलीत? नांदगाव-येवल्याच्या कोरडवाहू रानात पिकणाऱ्या बाजरीला आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातल्या नागलीला मागे कुणी वाली नव्हता. ज्याच्या हाती रोख पगार, त्याच्या ताटात पांढरी पोळी. हळूहळू पोळी म्हणजे शहर, पोळी म्हणजे सुधारलेलं घर, आणि भाकरी म्हणजे मागे राहिलेलं. कुणी दवंडी पिटली नाही. आपोआप चौथीतल्या पोरीच्या मनात जाऊन बसलं. आणि आता पैसेवाल्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की भाकरी चांगली, तर तीच भाकरी टाळ्या घेते.

जे आपल्याला आपलंच मन वाटतं, त्यातलं किती दुसऱ्याच्या पैशानं घडलेलं असतं! चहाचंच घ्या. "साधा चहासुद्धा विचारला नाही" याच्याइतका मोठा अपमान आपल्यात नाही. पण तो चहा आपल्या पणजोबांच्या घरात नव्हता. मळेवाल्यांना इथे गिऱ्हाईक हवं होतं. त्यासाठी इंग्रज सरकारने १९०३ मध्ये चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पुढे बाजारात, रेल्वे स्टेशनांवर माणसं उभी करून चहा कसा करायचा ते दाखवायचे, कप फुकट पाजायचे. दोन-तीन पिढ्यांत ते आपलं आदरातिथ्य झालं. चहा सोडा असं मी म्हणत नाही, मीही लिहिताना दुसरा कप घेतला आहे. पण लग्नाच्या बाबतीतही हेच घडलंय, ते बघा. साखरपुडा म्हणजे साखरेचा पुडा. आई, तुझ्या साखरपुड्यात कागदी पुडा, नारळ आणि एक साडी होती, फोटोत दिसतंय. आता छोट्यासाठी हिऱ्याची अंगठी बघायला तुम्ही सराफ बाजारात चकरा मारताय. लग्न ठरलं की हिरा हवाच, हे अमेरिकेत रुजवलं डी बिअर्स नावाच्या हिऱ्याच्या कंपनीनं. हिरा कायमचा असतो, अशी जाहिरात १९४७ मध्ये लिहून घेतली. तिचा धागा नाशिकच्या सिडकोतल्या आपल्या दोन खोल्यांपर्यंत आला आहे.

आणि बाबा, यातली सगळ्यात जड गोष्ट तुमच्याबद्दलची आहे. रागावू नका. सातपूरचा तुमचा कारखाना बंद पडला तेव्हा मी दहावीत होते. बड्या कंपनीच्या ऑर्डरी आटल्या आणि तिच्या जिवावर चालणारी छोटी वर्कशॉप एकेक करून मिटली. लेथवर तुमचा जॉब कधी रिजेक्ट झाला नव्हता. पण घरात येणारा जाणारा पत्रिकेतल्या दोषाचं बोलायचा. शेवटी मिळालेल्या पैशातले पैसे काढून तुम्ही त्र्यंबकेश्वरी जाऊन तीन दिवस नारायण नागबळी केलात. त्या श्रद्धेला मी हात लावत नाही. तिथून आल्यावर तुम्ही पहिल्यांदा नीट झोपलात हे मला आठवतं. पण तेव्हापासून तुमच्या मनात बसलं की दोष तुमचा होता, तुमच्या नशिबाचा होता. ते मला आजही सलतं. काकांचंही तसंच. २०२३ च्या ८ डिसेंबरपासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, लासलगावात लिलाव थांबले, भाव कोसळला, आणि काका फोनवर मला म्हणाले, "पोरी, आपलं नशीबच फुटकं." निर्णय दिल्लीत झाला आणि नशीब फुटलं काकांचं! गरिबाचा तोटा झाला की तो त्याच्या कपाळावर लिहिलेला असतो, आणि श्रीमंताचा नफा झाला की ती त्याची हुशारी. तुम्ही बुधवारी म्हणालात ना, "तुझ्या लग्नात हात आखडता घेतला, आता तरी लोकांना दाखवू दे," त्यात मला तीच जुनी खंत ऐकू आली. बाबा, तुम्हाला कुणालाही काहीही दाखवायची गरज नाही.

माझ्या लग्नातही तुम्ही हात आखडता घेतला नव्हता. येवल्याच्या पैठणीचा हट्ट मी धरला होता आणि तुम्ही पतसंस्थेचं कर्ज काढलंत. हप्ते फिटेपर्यंत आईने नवी साडी घेतली नाही. मैत्रिणींच्या लग्नात पैठणी होती, म्हणून मला हवी होती. एवढंच कारण. पैठणी मी तीनदा नेसले आहे.

लहानपणी रामनवमीला तुम्ही आम्हा दोघांना पंचवटीत न्यायचात. काळाराम मंदिराच्या दारात थांबून सांगायचात की २ मार्च १९३० ला इथे सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेबांनी सुरू केला, दादासाहेब गायकवाडांनी इथे राहून नेटानं चालवला, आणि वर्षानुवर्षं माणसं या दारापाशी आत जाऊ द्या म्हणत उभी राहिली. मी विचारलं होतं, "मग बाकीचे लोक का जाऊ देत नव्हते?" तुम्ही म्हणालात, "ते म्हणायचे, रीत आहे." आणि जरा थांबून, "रीत देवानं नाही घातली, ज्याच्या हातात किल्ली होती त्यानं घातली." हे वाक्य तुमचं आहे, बाबा. मी दुसरीकडे कुठे शिकले नाही. तिथं माणसांच्या माणूसपणाचा प्रश्न होता, त्याच्याशी लग्नातल्या रोषणाईची बरोबरी होत नाही, हे मला कळतं. पण "रीत आहे" ऐकलं की किल्ली कुणाच्या हातात आहे ते आधी बघायचं, ही सवय तुम्हीच लावलीत.

तर मी बघितलं. गुरुवारी रात्री छोट्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मला लॉन्स नकोच आहे. पण बाबांची हौस आहे, त्यांना कसं नाही म्हणू?" तुम्ही मला सांगितलंत की त्याच्या ऑफिसातले लोक येणार, त्याला कमीपणा वाटायला नको. मग त्याला सांगून मी मुलीशी बोलले. फार समजूतदार आहे. म्हणाली, तिचे पप्पा नाशिकरोडला पीएफमधून पैसे काढताहेत, कारण "मुलाकडच्यांची अपेक्षा असेल." तुम्ही त्यांच्यासाठी, ते तुमच्यासाठी, छोट्या तुमच्यासाठी, तुम्ही छोट्यासाठी. नको आहे सगळ्यांनाच, आणि पैसे मात्र दोन्ही घरांतून निघालेत. ते द्राक्षमळ्यातलं प्री-वेडिंगसुद्धा फोटोग्राफरच्या पॅकेजमध्ये होतं म्हणून ठरलं!

तिने एक सांगितलं. तिच्या मामाचं लग्न सत्यशोधक पद्धतीनं झालं होतं. जोतीरावांनी १८७३ मध्ये समाज काढला तेव्हापासूनची ही पद्धत: हार, शपथ, घरची माणसं, आणि भटजीची दक्षिणा नाही. तिला तसं चालेल, नाहीतर नोंदणी चालेल. नोंदणीसाठी तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, म्हणजे ठरवलेल्या तारखेला अजून वेळ आहे. जेवण आपल्या कॉलनीच्या समाजमंदिरात. वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. आई, तुझ्या लग्नात होतं तेच. काका-काकू, मावश्या, तुमचे वर्कशॉपचे जुने सोबती, सगळे येतील. लोक बोलतील, चार दिवस बोलतील. त्यांच्यातल्या निम्म्यांना पुढच्या वर्षी स्वतःची एफडी मोडायची आहे, त्यांना कदाचित सुटल्यासारखं वाटेल.

मला आतून एक भीती आहे, ती लिहून टाकते. तुम्हाला वाटेल की हिचं पुण्यात बरं चाललंय, म्हणून आता आम्हाला शिकवते. माझा मुलगा इंग्रजी शाळेत आहे, तोही चार लोकांकडे बघूनच घातला. फी भरताना दर वेळी वाटतं की हे मी ठरवलं का माझ्याकडून ठरवून घेतलं? घरात एकाचीच फी परवडत होती तेव्हा ती छोट्याची भरली गेली, आणि मी महापालिकेच्या शाळेत राहिले. त्याचा पूर्वी मला राग यायचा. आता कळतं, तुम्हाला तेव्हा जेवढं दिसत होतं त्यात तुम्ही जिवापाड केलंत. मीही तशीच चाचपडते आहे. पण आईचे गुडघे मला स्पष्ट दिसतात. त्या अठरा पायऱ्या दिसतात.

एफडी मोडू नका. लॉन्सवाल्याला अजून पैसे दिले नसतील तर थांबा, दिले असतील तर परत मागायला मी येते. ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची ठरली होती, तीच राहू दे. मी महिनाभर रजा टाकली आहे, साहेबांनी मंजूरही केली.

शनिवारी सकाळच्या बसने निघते, दुपारपर्यंत पोचेन. बाबा, मुलीच्या पप्पांना रविवारी घरी बोलवा, मी आणि छोट्या असताना सगळं समोरासमोर बोलू. आई, मला घ्यायला खाली उतरायचं नाही. स्वयंपाकही करायचा नाही, भाकरी मी थापीन. तू फक्त बाजूला बसून पाणी किती लागतं ते सांग. बाबांना शनिवारी सकाळीच गिरणीत पाठव आणि दोन किलोच दळून आण म्हणावं, बाजरीचं पीठ राहिलं की कडू लागतं.

तुमची,
ताई