दोन ओळींच्या शेऱ्याबद्दल आभार

आमचा पॅच तपासणाऱ्या मित्रास,
स. न. वि. वि.

लिनक्स कर्नलसाठीच्या आमच्या पॅचवर (कोडमधल्या प्रस्तावित बदलावर) तुम्ही आधी एवढंच विचारलंत: लॉक सोडून परत घेतल्यावर पेज टेबलमधली (कोणता पत्ता मेमरीच्या कोणत्या पेजवर जातो त्या तक्त्यातली) नोंद तीच राहिली हे कशावरून? कॉपी-ऑन-राइट म्हणजे सामायिक पेजवर कुणी लिहू लागलं की त्याला वेगळी प्रत करून देणं. ते करणाऱ्या फॉल्ट हँडलरमधला अख्खा दोष त्या प्रश्नात होता.

नव्या पेजसाठी मेमरी मागताना कर्नल झोपू शकतो आणि पेज टेबलचं लॉक पडलं स्पिनलॉक (ते धरून झोपता येत नाही), म्हणून मधे ते सोडावंच लागतं. त्या फटीत दुसऱ्या सीपीयूवरचा थ्रेड त्याच पत्त्यावर लिहितो, स्वतःचं पेज मिळवतो आणि डेटा ठेवून मोकळा होतो. मग आपला थ्रेड जुन्या पेजची शिळी प्रत त्यावर चढवतो. दुसऱ्या थ्रेडचा डेटा गायब, वर त्याचं पेज लीक (कधीच मोकळं न होणारं). लॉकडेप (लॉकचा क्रम तपासणारं कर्नलचं साधन) गप्प, कारण लॉकचा क्रम बरोबर. केसीसॅनही (लॉकशिवाय एकाच डेटावर पडणारी गाठ शोधणारं साधन) गप्प, कारण नोंदीचं प्रत्येक वाचन-लेखन लॉकखालीच होतं.

तुम्ही सुचवलेला क्रम आता कोडमध्ये आहे. लॉक सोडण्याआधी जुन्या पेजचा रेफरन्स (ते वापरात असल्याची खूण) घ्यायचा. नाहीतर मॅडव्हाइजच्या डोन्टनीडने (‘हे पेज आता नको’ असं कर्नलला सांगणाऱ्या सूचनेने) ते सुटतं आणि आपण भलत्याच कुणाच्या पेजची प्रत काढतो. प्रत झाली की लॉक घेऊन पीटीई_सेमने (दोन नोंदी सारख्या आहेत का ते पाहणाऱ्या फंक्शनने) नोंद ताडायची. बदललेली दिसली तर नवं पेज परत करून मुकाट बाहेर पडायचं. इन्स्ट्रक्शन पुन्हा चालेल, गरज असेल तर फॉल्ट पुन्हा येईल. जुळली तर आधी नोंद पुसून टीएलबी (सीपीयूने जवळ ठेवलेल्या नोंदींचा साठा) फ्लश, मगच नवी नोंद. (वाटपच लॉकच्या आत नेऊन जीएफपी_ॲटॉमिक (न झोपता मेमरी मागणारा फ्लॅग) लावायचा आमचा बेत तुम्ही मोडलात ते बरंच झालं. मेमरीची चणचण असताना नेमकं तेच फसतं.)

चाचणीची युक्ती तर फारच कामाची. त्या फटीत दहा मिलिसेकंदांचा एमस्लीप टाकायचा (स्पिनलॉक सुटलेलं, झोपायला हरकत नाही) आणि दोन थ्रेड वेगवेगळ्या सीपीयूंना बांधायचे. एरवी क्वचित घडणारी रेस (दोन थ्रेडची अशी गाठ) लगेच हाती लागते.

डर्टी काऊ या लिनक्समधल्या गाजलेल्या सुरक्षा-दोषाचा तुमचा दाखलाही चपखल. प्रत झाली म्हणून फॉल_राइट (लिहायचं आहे असं सांगणारा फ्लॅग) काढून टाकायचं, तेवढ्यात डोन्टनीड ती प्रत फेकून देणार आणि लेखन थेट मूळ फाइलच्या पेजवर जाणार. २००७ च्या २.६.२२ आवृत्तीपासून ऑक्टोबर २०१६ पर्यंत ते टिकलं. फॉल_राइट तसंच ठेवून फॉल_काऊ हा वेगळा फ्लॅग आणला, नोंद डर्टी (लेखन झालेली) आहे का ते तपासलं, तेव्हा भोक बुजलं.

पुढच्या आवृत्तीत ‘सजेस्टेड-बाय’ (कल्पना सुचवणारे) म्हणून तुमचं नाव घालायचं आहे. विचारल्याशिवाय ते घालू नये असा रिवाज, म्हणून हे पत्र. होकार कळवावा.

आपले,
पॅच पाठवणारे