सड्यावरचे तुकडे

रत्नागिरी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहितोय. पोरांचं ग्लायडर चाचणीत हवेतच मोडलं. चार मीटर पंखांचं, रिमोटवरचं. आत माणूस नव्हता हे नशीब. समुद्रावरचा वारा कड्याला आपटून वर चढतो, त्यावर छान तरंगत होतं. वेग वाढवायला नाक खाली घातलं, वर घेताना डावा पंख मिटला.

सगळे म्हणाले, उडवणाऱ्याने जोरात ओढलं. त्या पोराने जेवण टाकलं रे. मला काही ते पटेना.

तुकड्यांना हात लावू दिला नाही. आधी फोटो, जागेची नोंद, मग उचलणं. हलकी फिल्म वाऱ्याने पार आंब्याच्या कलमांत गेलेली, त्यामुळे नुसत्या जागेवरून आधी काय तुटलं ते ठरत नाही. एलरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती झडप, करवंदीच्या जाळीत मिळाला. व्हिडिओत घरघर ऐकू येते म्हणून फ्लटरचा, म्हणजे वेगात ती झडप थडथडत सुटल्याचा, संशय होता. पण तसं असतं तर बिजागरीची भोकं आपटून लांबट झाली असती. ती गोल आहेत, झडप हलवणारी दांडीही सरळ.

दुखणं स्पारमध्ये, म्हणजे पंखाच्या आतल्या मुख्य तुळईत आहे. वरची कार्बनची पट्टी वेबपासून, म्हणजे तुळईच्या मधल्या उभ्या फळीपासून, सोलून निघालीय आणि जोडाची जागा गुळगुळीत, चकचकीत. नीट चिकटली असती तर तंतू उपटून आले असते. नाक वर घेताना हीच पट्टी दाबली जाते. वेबचा आधार सुटला की ती बाक घेते, मग पंख राहतच नाही. स्पार भर आषाढात उघड्या पडवीत केलेला! अशा दमट हवेत रेझिनवर, म्हणजे चिकटवायच्या राळेवर, मेणचट थर धरतो. पुढचं काही चिकटवण्याआधी तो कोमट पाण्याने घासून धुवावा लागतो. नुसता पॉलिशपेपर मारला तर आणखी पसरतो. पोरांनी धुतलंच नव्हतं, त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

१ ऑगस्ट १९४३ला अमेरिकेत सेंट लुईसमध्ये सीजी-४ए या लष्करी ग्लायडरचा पंख तुटून तिथल्या महापौरांसह १० जण गेले. तिथेही दोष पंखाच्या टेकूच्या जोडणीचा निघाला. ती मापापेक्षा पातळ बनवलेली होती.

नवा पंख उडवण्याआधी उलटा टेकवून वाळूच्या पिशव्यांनी पूर्ण भार देऊन बघायचाय. तू हडपसरला ग्लायडर उडवलेला माणूस, तुझं ऐकतील. सवड काढून ये, आणि वजनकाटा आण. इथली वाळू ओली असते, अंदाजाने पिशव्या भरायच्या नाहीत. त्या पोराशीही तूच बोल.

तुझा,
अनंता