गाडीतले दोन तास

पारोळा

चि. सौ. वैशाली हिस,
अनेक आशीर्वाद.

बारा वर्षांनी पुन्हा शिकायचे तर एम.ए. ऑनलाइन करावे की भुसावळहून जळगावला जाऊन-येऊन महाविद्यालयात करावे, असे तू परवा फोनवर विचारलेस. मी "कळवते" एवढेच म्हणाले, कारण माझे उत्तर जावईबापूंच्या हिशेबाच्या विरुद्ध जाणारे आहे आणि तुझ्यामागे कुकरच्या शिट्ट्या होत असताना ते नीट सांगता आले नसते.

आधी पदवीच्या किमतीची शंका काढून टाक. मान्यता असलेली ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले आहे, तेव्हा "ऑनलाइनला कोण विचारतं" हे नणंदेचे बोलणे मनावर घेऊ नकोस. मात्र विद्यापीठाचे नाव मोठे आहे एवढ्यावर विसंबू नये. तोच अभ्यासक्रम त्याच सत्रासाठी आयोगाच्या यादीत आहे की नाही, हे शुल्क भरण्याआधी पाहावे.

खरी अडचण वेळेची आहे. जावईबापू म्हणतात, घरी बसून शिकल्यास जाण्यायेण्याचे रोजचे दोन तास वाचतील. मी वही घेऊन बसले. मुक्त आणि ऑनलाइन शिक्षणात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे 30 तासांचा अभ्यास धरतात; 80 श्रेयांकांची एम.ए. धरली तर 2,400 तास होतात, म्हणजे दोन वर्षे एकही दिवस न चुकवता रोज सव्वातीन तास. हे तास घरातूनच काढावे लागतील, आणि तुझ्या घरात ते किती सापडतात हे मी दिवाळीत पाहिले आहे. ओट्यावर तुरीच्या डाळीच्या डब्याला मोबाइल टेकवून तू नमुन्याचा एक तास लावला होतास. चाळीस मिनिटांचा तो तास. मध्येच गॅसचा सिलिंडर आला, सासूबाईंच्या गोळ्या सापडेनात, धाकट्याचे खोडरबर हरवले, आणि साडेदहाला लावलेला तास दीड वाजता संपला. सरांनी शेवटी काय सांगितले असे मी विचारले, तर तू नुसती हसलीस. ह्यात तुझा दोष नाही. बाईच्या हातात मोबाइल दिसला की घर तिला रिकामीच समजते. खांद्याला पिशवी लावून ती उंबरा ओलांडते, तेव्हा कुठे ती शिकायला गेली असे होते.

माझे स्वतःचे तुम्हा भावंडांना मी कधी पुरते सांगितले नाही. 1996 साली अंगणवाडीचे काम करत असताना मी नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातले. तू तेव्हा त्याच अंगणवाडीत माझ्यासमोर बसायचीस. तुझी आजी म्हणाली होती, "आते शिकीसन काय कलेक्टर व्हशी का?" पुस्तिकांचा गठ्ठा मिळाला, तो मी सुतळीसुद्धा न सोडता फडताळावर ठेवला आणि पहिल्या वर्षी परीक्षेला बसलेच नाही. त्याबद्दल मला कुणी एका शब्दाने विचारले नाही, आणि मला त्याचे बरेच वाटले. दुसऱ्या वर्षी मी रविवारच्या संपर्कसत्रांना, म्हणजे अभ्यासकेंद्रावरच्या वर्गांना, जाऊ लागले. तिथे एरंडोलकडची एक परिचारिका माझ्या शेजारी बसायची. एका रविवारी माझा खाडा झाला, तर पुढच्या रविवारी तिने माझी वही ओढून घेतली, बुडलेल्या सत्राचे टिपण तीत स्वतःच्या हाताने उतरवले आणि विचारले, "स्वाध्याय लिहून झाला का?" झाला नव्हता. त्या रात्री कंदिलाशी बसून मी तो लिहिला. पुस्तिका उत्तमच होत्या, शिक्षकाची उणीव भासू नये अशा लिहिलेल्या. पण मी आले नाही हे त्यांना कळत नव्हते.

म्हणून माझे मत महाविद्यालयाच्या बाजूने आहे. भुसावळ ते जळगाव अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, गाडीत अर्धा तास, बाकीचा वेळ फलाटावर आणि रिक्षात. जावईबापू हे दोन तास वाया गेले असे मांडतात. मी ते जमेस धरते, कारण तेवढ्या वेळात तुला कुणी हाक मारणार नाही आणि पुस्तक मांडीवर उघडे राहील. तू दूर डोंगरात, धडगावला किंवा अक्कलकुव्याला असतीस, तर मीच तुला ऑनलाइन कर म्हटले असते. शिवाय तुला पुढे शिक्षिका व्हायचे आहे, आणि आधी शिक्षकी नोकरी किंवा अध्यापनाचे प्रशिक्षण नसणाऱ्याला बी.एड. दूरशिक्षणाने करता येत नाही. त्यासाठी वर्गात आणि शाळांत जावेच लागेल. घराला तुझ्या बाहेर जाण्याची सवय आताच लागलेली बरी.

हजेरीचा नियम मात्र आधी विचारून घे. बहुतेक ठिकाणी 75 टक्के मागतात, आणि सासूबाईंचे दुखणे निघाले तर काय, ह्याचे उत्तर तुझ्याजवळ तयार हवे. तेवढ्यापुरते माझ्याकडे उत्तर आहे: कपाशीची लागवड उरकली की मी दोन महिने तुझ्याकडे येऊन राहते, धाकट्याची शाळा आणि डबा माझ्याकडे. जावईबापूंना हे पत्र वाचायला दे. महाविद्यालयाचे वेळापत्रक आण आणि रविवारी फोनवर मला वाचून दाखव, म्हणजे कोणती गाडी धरायची ते आपण ठरवू.

तुझी,
आई